त्रेचाळीस चौकोन

बुवांनी पाटीवर लिहिलं, "हे काय?" आणि प्रश्नचिन्हाखालचा ठिपका इतक्या जोरात मारला की मार्करचं टोक आत गेलं.

वहिनीनं त्यांच्या हातातून कागद घेतला. तिनंच पाच मिनिटांपूर्वी छापून दिलेला होता आणि देताना नीट पाहिलाही नव्हता. आता पाहिला. चौथ्या निरूपणाचं पहिलं पान. "दिवा हाती दिलास देवा, वाट दाखवायची राहिली" ही ओळ जागच्या जागी होती. पण "दिवा"नंतर टक्क्याचं चिन्ह. "देवा"पुढे गोलातला इंग्रजी सी. आणि "राहिली"च्या डोक्यावर जिथे बुवांची उडी असायला हवी, तिथे डॉलर.

पलीकडे बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान लांब करून वाचलं. "देवापुढे हा गोल सी कशाला? देवाचे सर्व हक्क कुणी राखून ठेवले?"

सासूबाई हसल्या. बुवा हसले नाहीत. त्यांनी पाटी पुसली आणि नुसतं "सोमवार" लिहिलं.

म्हणजे आज सोमवार. गुरुवारी दुपारी बारापर्यंत फाइल छापखान्यात जायला हवी, तरच शनिवारी पुस्तक हातात येणार, आणि रविवारी डॉक्टरीणबाई प्रार्थनेच्या सभागृहात पहिल्यांदा बुवांच्या जागी उभ्या राहणार.

घरात सगळे त्यांना बुवाच म्हणत. चाळीस वर्षं ते गाऊन निरूपण करत आले. एक ओळ घ्यायची, ती आळवायची, उलगडायची, मधेच गोष्ट सांगून लोकांना हसवायचं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्यांना कळू द्यायचं नाही, अशी त्यांची रीत. आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून गळ्यात दोरीनं बांधलेली ती छोटी पांढरी पाटी आणि खिशात मार्कर.

मागे राहिली एक जाड वही. तिच्यात नऊ निरूपणं, आणि शब्दांच्या डोक्यावर लाल शाईत बुवांच्या खुणा. डोंगर म्हणजे आवाज चढवायचा. गोगलगाय म्हणजे सावकाश. उडी म्हणजे एकदम वरच्या सुरावर. डोळा म्हणजे इथे लोकांकडे पाहायचं, वहीकडे नाही. अशा अकरा. कुणाला वाटेल, शब्द आहेत ना, मग खुणांचं एवढं काय? पण ज्यानं एकदा जीव लावून असं निरूपण ऐकलंय त्याला हे सांगायला नको. शब्द सगळ्यांचेच असतात. कुठे चढायचं, कुठे विरघळायचं, कुठे नुसतं गप्प राहून ऐकणाऱ्याच्या काळजात दिवा लावायचा, ते ज्याचं त्याचं असतं. बुवांचं जे होतं ते आता त्या खुणांतच होतं. तोंडानं दाखवायची सोय संपली होती.

डॉक्टरीणबाई त्यांच्या एकुलत्या एक शिष्या. पेशानं दातांच्या डॉक्टर. "दिवसभर लोकांना आ करायला सांगते," त्या म्हणायच्या, "आणि बुवांसमोर माझाच आ निघत नाही." त्यांना शिकायला मिळालं होतं जेमतेम दीड वर्ष. पुढचं सगळं पुस्तकावर.

आणि पुस्तकात डॉलर.

वहिनी घरातल्याच एका खोलीत बसून पुस्तकांची पानं लावायचं काम करायची. लग्नपत्रिकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळं तिच्या हातून गेलेलं. तिनं संगणकावर चौथं निरूपण उघडलं. खुणा असलेली प्रत्येक जागा गुलाबी पट्ट्यानं भरलेली. मजकुराला लावलेला फॉन्ट सापडत नाही, असं ते सॉफ्टवेअर आपल्या भाषेत रडत होतं.

हा मजकूर टाइप केलेला होता नणंदेनं, पंधरा वर्षांपूर्वी. वहिनीनं तिला फोन लावला.

"ताई, बुवांच्या वहीचा तो फॉन्ट तुम्ही कुठून आणला होता?"

"आणला कसला, मीच केला होता! कॉलेजात होते तेव्हा. फुकटातलं एक सॉफ्टवेअर मिळालं होतं. खुणा काढल्या आणि जी बटणं मराठीत लागत नाहीत त्यांच्यावर बसवून टाकल्या. डॉलर कुणाला लागतोय निरूपणात?"

"म्हणजे आत डॉलरच आहे. वरून फक्त उडीचा मुखवटा."

"हं. आणि मुखवटा पडला, असं का?"

"नवीन सॉफ्टवेअर तुमचा फॉन्ट उघडतच नाही. म्हणतं, ही पद्धत बंद झाली."

"अगं, तेव्हाचे कपडे मला होत नाहीत, तुझ्या सॉफ्टवेअरला कुठून होतील?"

"किती खुणा केल्या होत्या?"

"दहा? बारा? मला काय आठवतंय! वहीत जे दिसलं ते केलं. लाल काय नि काळं काय, मी नाही बघितलं. बाबा कसे आहेत?"

"पाटीवर ओरडतायत."

"मग बरे आहेत."

मंगळवारी वहिनीनं नवा फॉन्ट करायला घेतला. बुवांनी कोऱ्या कागदावर अकराच्या अकरा खुणा मोठ्या करून लाल शाईत काढून दिल्या, शेजारी नावं लिहिली, खाली आकडा लिहिला: ११. वहिनीनं त्या स्कॅन केल्या, कडा साफ केल्या, आणि या वेळी कुणाच्या बटणावर अतिक्रमण न करता, फॉन्टात कुठल्याच अक्षराला न दिलेल्या ज्या मोकळ्या जागा असतात तिथे एकेक बसवली. मग टक्का शोध, गोगलगाय घाल. डॉलर शोध, उडी घाल. अकरा वेळा. शेवटचा बदल झाला आणि तिनं देवाचं नाव घेऊन पान उघडलं.

गोगलगाय आली होती. पण अक्षराच्या डोक्यावर नाही, शेजारी. रांगेत उभी राहिल्यासारखी. आणि आता तर शब्दही बिघडले होते. "दिवा"मधली वेलांटी "द"च्या मागे जाऊन बसली होती.

"काल वेलांटी बरोबर होती ना?" तिनं स्वतःलाच विचारलं. काल बरोबर होती. आज तिनं वेलांटीला हातही लावला नव्हता. फॉन्ट बदलून पाहिला, तसंच. संगणक बंद करून चालू केला, तसंच. जुनी फाइल उघडली, तिथे वेलांटी ठीक आणि डॉलर. नव्या फाइलीत गोगलगाय ठीक आणि वेलांटी पळालेली. दोन्ही एका जागी का नांदत नाहीत, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "काय झालं गं?"

"आई, एक धरलं की दुसरं सुटतंय."

"लहान मुलांना आंघोळ घालताना होतं तसं," सासूबाई म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या.

संध्याकाळी कळलं. नवी फाइल करताना परिच्छेद जुळवायची जी पद्धत आपोआप लागली होती ती इंग्रजीसाठीची होती. तिला वेलांटी मागे-पुढे करायची आणि खूण डोक्यावर चढवायची अक्कलच नव्हती. एका जागी एक बदल केला आणि सगळ्या वेलांट्या मुकाट पुढे येऊन बसल्या, सगळ्या गोगलगायी डोक्यावर चढल्या. अख्खा दिवस गेला होता. वहिनीला हसावं की रडावं कळेना. तिनं थंड झालेला चहा पिऊन टाकला.

बुधवारी सकाळी नमुन्यादाखल पाठवलेली फाइल पाहून छापखान्याच्या काकांचा फोन आला.

"वहिनी, निरूपणाचं पुस्तक म्हणाला होता ना तुम्ही?"

"हो. का?"

"नाही, इथे इमारतीचा नकाशा आलाय. खिडक्याच खिडक्या."

त्यांच्या पडद्यावर प्रत्येक खुणेच्या जागी रिकामा चौकोन होता. वहिनीच्या पडद्यावर मात्र डोंगर, उड्या, डोळे, सगळं जिथल्या तिथे. एकच फाइल, एकच दिवस. फाइलीबरोबर फॉन्ट गेला नव्हता हे तिच्या लक्षात आलं, पण का गेला नाही ते कळायला तासभर लागला. फॉन्ट करताना एक परवानगी द्यायची असते, की हा फॉन्ट फाइलीत बांधून नेला तरी चालेल. ती तिनं दिलीच नव्हती. तिच्याच फॉन्टाला तिचीच मनाई.

परवानगी दिली. फाइल परत पाठवली. परत फोन.

"खिडक्या कमी झाल्या बघा. बऱ्याच बंद झाल्या. पण थोड्या उघड्या आहेत."

आता तिनं आपल्या पडद्यावर शोधलं, तर तिच्याकडेही त्या होत्या. इतक्या चुकांच्या गर्दीत आधी डोळ्यांत भरल्या नव्हत्या इतकंच. मोजल्या. नऊ निरूपणांत मिळून त्रेचाळीस. कुठे ओळीच्या शेवटी, कुठे दोन शब्दांच्या मधे. चौकोन निवडला की सॉफ्टवेअर म्हणायचं, इथे काहीतरी आहे पण या फॉन्टात त्याला रूप नाही. काय आहे? तर एक आकडा. त्या आकड्याला नव्या फॉन्टात कुणी नाही, मराठीतही कुणी नाही.

तिनं वही काढली आणि एकेक जागा ताडून पाहिली. लाल शाईत तिथे काहीच नव्हतं. दोन-तीन ठिकाणी करडा डाग होता, बोट लागून पडावा तसा. बाकी ठिकाणी तोही नाही.

तिनं वही आणि छापलेली पानं बुवांसमोर नेली. बुवांनी चष्मा लावला. बोटांवर खुणा मोजल्या. डोंगर, गोगलगाय, उडी, डोळा. अकराव्या बोटासाठी पायाचा अंगठा हलवला. पुन्हा मोजल्या. मग पाटीवर लिहिलं, "माझ्या ११." खाली, "लाल नाही ती खूण नाही." हा त्यांचा जुनाच नियम होता. वहीत लाल शाई फक्त खुणेला, आणि खूण फक्त लाल शाईत.

"मग हे काय असेल, बुवा?"

त्यांनी खांदे उडवले आणि संगणकाकडे बोट दाखवलं. म्हणजे त्याचा कचरा. मग लिहिलं, "काढ."

वहिनीलाही तेच वाटलं. जुन्यातून नव्यात येताना असा कचरा चिकटून येतो, हे तिनं दहा वेळा पाहिलं होतं. तिनं सवयीप्रमाणे फाइलीची वेगळी प्रत ठेवली, आणि चौकोन शोधून त्याच्या जागी काहीही न घालण्याचा हुकूम दिला. त्रेचाळीस बदल झाले, असं उत्तर आलं.

दाराशी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय काढलं गं?"

"काही नाही आई. कचरा होता."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

गुरुवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी डॉक्टरीणबाई तालमीला आल्या. नवी छापलेली स्वच्छ पानं पाहून त्यांनी ती कपाळाला लावली. "आता कळतंय बघा काय करायचं ते. हा डोंगर. ही गोगलगाय. माझी आणि हिची चांगली ओळख आहे, मीही अशीच पुढे सरकते."

सासूबाई टाळ घेऊन बसल्या. पस्तीस वर्षं बुवांच्या मागे त्याच टाळ धरायच्या. बुवा समोर खुर्चीत. वहिनीच्या हातात कालची चौकोनवाली पानं होती. नवी एकच प्रत काढलेली, ती डॉक्टरीणबाईंपाशी.

"दिवा हाती दिलास देवा..."

आवाज बारीक होता, पण खरा होता. डॉक्टरीणबाई डोंगर चढल्या, उतरल्या, गोगलगायीपाशी सावकाश झाल्या, डोळा आला तेव्हा मान वर करून थेट बुवांकडे पाहिलं आणि घाबरून परत पानात शिरल्या. बुवांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मग चार ओळी लागोपाठ वरच्या पट्टीत गेल्या, आणि टाळ थांबले.

डॉक्टरीणबाई अडखळल्या. बुवांनी मांडीवर थाप मारली, झरझर लिहिलं "ताल!" आणि पाटी सासूबाईंकडे फिरवली.

"सुटला बाई," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "नेहमीचंच आहे माझं. घ्या, परत घ्या."

परत घेतलं. पुढे गेलं. दुसऱ्या पानावर टाळ पुन्हा थांबले. वहिनीची नजर हातातल्या कागदावर होती. टाळ थांबले तिथे चौकोन होता. मघाशी? तिनं पान उलटून मागे पाहिलं. मघाशीही चौकोन होता. तिला काही समजेना. संगणकातला कचरा सासूबाईंच्या हाताला कसा माहीत? तिनं पुढे पाहिलं. पुढचा चौकोन सहाव्या ओळीच्या शेवटी होता. ती श्वास धरून बसली. चौथी ओळ. पाचवी. सहावी. टाळ थांबले.

"थांबा," वहिनी म्हणाली. "आई, तुम्ही इथे का थांबलात?"

"अगं, म्हटलं ना, सुटतो ताल. हे पस्तीस वर्षं सांगतायतच."

"तिन्ही वेळा चौकोनावरच सुटला. हे बघा. काल काढून टाकले ना मी, ते."

सासूबाईंनी टाळ मांडीवर ठेवले आणि कागद डोळ्यांजवळ धरला. एका चौकोनावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. पानभर बोट फिरलं.

"ही तर पाण्याची जागा आहे," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"पाण्याची. चार ओळी वर गायल्या की यांचा घसा कोरडा पडायचा. मग पुढच्या ओळीत आवाज खरखरायचा. लोकांना नाही कळायचं, मला कळायचं. म्हणून मी पेन्सिलीनं छोटंसं भांडं काढून ठेवलं होतं. टाळ थांबवले की हे थांबतील, दोन घोट घेतील, असं मला वाटायचं. उजव्या हाताशी भरून ठेवायचे ना मी रोज."

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "मग? घ्यायचे?"

सासूबाई बुवांकडे पाहत नव्हत्या. टाळाची दोरी सरळ करत होत्या. "घरी आणायचे तेव्हा भरलेलंच असायचं."



वहिनीला ताईंचे शब्द आठवले. लाल काय नि काळं काय, मी नाही बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी वहीत ती भांडी स्पष्ट असणार. पोरीनं दिसली तशी उतरवली. मग हातांनी पानं उलटता उलटता पेन्सिल पुसत गेली, आणि भांडी राहिली फक्त एका जुन्या फॉन्टात आणि एका बाईच्या हातात.

"पण आई, शाईनं का नाही काढलीत?"

"वही यांची," सासूबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

बुवांनी पाटी पुसली. परत पुसली, पुसण्यासारखं काही नसताना. शेवटी लिहिलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तुम्ही थांबायला हवं होतं ना," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. "मी थांबले की तुम्ही आणखी जोरात गायचात. मागे वळून डोळे वटारायचे, आणि पुढे."

पाणी प्यायले असते तर आवाज राहिला असता, असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टरीणबाईही नाहीत. ते देवाला माहीत. पण बुवांचा हात आपोआप गळ्याकडे गेला, तिथल्या व्रणावर थोडा वेळ राहिला, आणि तिथून खिशात गेला. खिशातून त्यांनी लाल पेन काढलं. उठले, आणि ते सासूबाईंच्या हातात दिलं.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझा हात नाही हो बसलेला. तुम्ही काढा, मी सांगते कसं ते."

बुवांनी मान हलवली. नाही. अकरा खुणांचा तो कागद त्यांच्यासमोर ठेवला, उडीच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

सासूबाईंनी भांडं काढलं. एका बाजूला जरा कललेलं.

"पडेल ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही पडायचं. पाणी आहे आत, जड आहे."

वहिनी घड्याळाकडे पाहत उठली. साडेदहा झाले होते. तिनं भांडं स्कॅन केलं, बाराव्या मोकळ्या जागेत बसवलं. कड साफ करताना कलणं सरळ करावं का, असा विचार एकदा मनात आला. तो तिनं सोडून दिला. जपून ठेवलेली कालची प्रत उघडली, चौकोन शोधले, भांडी घातली. त्रेचाळीस बदल झाले. फाइल गेली तेव्हा बाराला सात मिनिटं होती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गाणं पुन्हा सुरू झालं होतं. दवाखान्यातला पहिला रुग्ण बहुधा तोंड उघडून वाट पाहत बसला असावा. चार ओळी वरच्या पट्टीत गेल्या, टाळ थांबले. कुणी मांडीवर थाप मारली नाही. सगळं शांत झालं, इतकं की डॉक्टरीणबाईंचे दोन घोट ऐकू आले. मग पुढची ओळ आली, "वाट दाखवायची राहिली," आणि वहिनी दारातच उभी राहिली. इतका मोकळा आवाज या बाईंचा आहे, हे तिला माहीत नव्हतं.

बुवांच्याही हातात भांडं होतं. निम्मं झालेलं.

फोन वाजला. छापखान्याचे काका.

"वहिनी, खिडक्या सगळ्या बंद झाल्या. पण आता मधे मधे तांब्यासारखं काहीतरी येतंय. तेही वाकडं. फॉन्ट परत बिघडला का?"

"नाही काका," वहिनी म्हणाली. "तसंच छापा."

"वाकडंच?"

तिनं बाहेर पाहिलं. बुवांनी लाल पेन परत मागून घेतलं होतं आणि खुणांच्या कागदावर खाली लिहिलेला आकडा खोडत होते.

"वाकडंच," ती म्हणाली.